छोट्या मेट्रो क्षेत्राचा बेरोजगारी दर: आकडा वर-खाली का होतो आणि किती मनावर घ्यायचा?

आकडेमोड (मूळ धागा)

अमेरिकेतल्या छोट्या मेट्रो क्षेत्रांचे (मेट्रो क्षेत्र म्हणजे एक शहर आणि त्याला जोडलेल्या काउंट्या, आपल्या जिल्ह्यांसारख्या) बेरोजगारीचे आकडे महिन्याच्या महिन्याला येतात आणि त्यावर तेच दोन सूर लागतात. दर ४.३ वरून ४.७ झाला की गाव बसलं, ४.७ वरून ४.२ झाला की बरकत आली. बहुतेक वेळा दोन्ही चूक. का चूक, ते आकडा तयार कसा होतो हे पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून हा धागा. इथे लाख-दीड लाख वस्तीची क्षेत्रंच घेऊ. शिकागो-डेट्रॉईटचं गणित वेगळं आहे, ते का हे पुढे येईलच.

पूर्ण धाग्यासाठी एक कल्पित क्षेत्र धरतो. श्रमबल, म्हणजे कामावरचे आणि काम शोधणारे मिळून, ६०,०००, त्यातले ५७,००० कामावर, ३,००० बेरोजगार. दर ५.०. इथे ०.१ म्हणजे फक्त ६० माणसं.

आता देशाचा जो दर बातम्यांत येतो तो सीपीएस या घरोघरच्या पाहणीतून येतो. दरमहा साधारण ६०,००० घरं. देशात घरं १३ कोटींच्या आसपास, म्हणजे २,१०० ते २,२०० घरांमागे एक. आपल्या क्षेत्रात ५०,००० घरं धरली तर वाट्याला येतात २३. पाहणीचा प्रतिसाद अलीकडे ७० टक्क्यांच्याही खाली आलाय, म्हणजे प्रत्यक्षात १५-१६ घरं बोलतात. घरामागे श्रमबलातली सव्वा-दीड माणसं धरली तर झाली वीसेक. त्यातला एक बेरोजगार म्हणजे ५ टक्के, दोन म्हणजे १०. या नमुन्यावर ४.३ आणि ४.७ मधला फरक सांगता येणं शक्यच नाही. (नमुना राज्यवार आखलेला असतो, त्यामुळे छोट्या राज्यांत हे प्रमाण थोडं बरं पडतं. पण चित्र तेच.)

सांगायचं एवढंच की छोट्या क्षेत्राचा दर मोजलेला नसतो, तो बांधलेला असतो. कशातून बांधतात आणि तो कुठे गळतो, यावर लिहा.

पाटीपेन्सिल

मग हा दशांशापर्यंतचा आकडा येतो कुठून? २० माणसांवरून ४.७ कोण काढतं?

शिरगणती

२० माणसांवरून काढत नाहीत. बीएलएस या अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी खात्याचा एलएयूएस नावाचा कार्यक्रम आहे, सात हजारांहून जास्त भागांचे अंदाज त्यातून निघतात. राज्यांसाठी सांख्यिकी प्रारूप आहे: सीपीएसचा कच्चा आकडा, आस्थापनांच्या पाहणीतल्या नोकऱ्या आणि बेकारी विम्याचे दावे एकत्र करून त्यातला गोंगाट गाळतात. लॉस एंजेलिस, शिकागो, डेट्रॉईट अशा मोजक्या मोठ्या शहरांनाही स्वतःचं प्रारूप मिळतं. बाकी सगळ्या छोट्या क्षेत्रांना जी पद्धत लागते तिला हँडबुक पद्धत म्हणतात. ती बेरजेची पद्धत आहे.

बेरोजगार कसे बेरजेला येतात ते बघा. पहिला गट, बाराव्या तारखेच्या आठवड्यात बेकारी भत्त्याचा दावा चालू असलेले. यातून त्या आठवड्यात थोडीफार कमाई झालेले वगळतात. दुसरा गट, ज्यांचा भत्ता संपला पण काम मिळालेलं नाही असे. त्यांची यादी कुठेच नसते, म्हणून भत्ता संपल्यानंतर किती जण किती आठवडे बेकार राहतात याच्या प्रमाणावरून अंदाज करतात. तिसरा गट, नव्याने काम शोधणारे आणि मधे थांबून परत शोधायला लागलेले. ते भत्त्याला पात्रच नसतात, त्यामुळे दाव्यांत दिसत नाहीत. त्यांचा वाटा सीपीएस आणि एसीएस या जनगणना खात्याच्या वार्षिक पाहणीवरून घालतात.

म्हणजे ३,००० मधला पहिला गट तेवढा खरोखर मोजलेला. उरलेले दोन अंदाजाचे.

दशांशचिन्ह

शिरगणतींनी शेवटची पायरी सांगितली नाही, आणि छोट्या क्षेत्रांना सगळ्यात जास्त तीच नडते. क्षेत्रांची बेरीज राज्याच्या आकड्याशी जुळवतात.

समजा राज्यातल्या सगळ्या भागांची हँडबुक बेरीज ९५,००० बेरोजगार आली, पण राज्याचं प्रारूप म्हणतंय १,००,०००. मग प्रत्येक भागाला १००/९५ ने गुणतात. आपल्या क्षेत्राचे हँडबुकचे २,८५० होते, ते झाले ३,०००. पुढच्या महिन्यात आपल्याकडे काहीच बदललं नाही, तेच २,८५०. राज्याची हँडबुक बेरीजही तीच. पण राज्याचं प्रारूप १,०४,००० वर गेलं. आता २,८५० चे होतात ३,१२०. कामावरचे ५७,००० तेच धरले तर दर ५.० वरून ५.२.

गावात एकाचीही नोकरी गेली नाही आणि दर ०.२ ने वाढला. वर्तमानपत्रात मात्र स्थानिक कारण शोधणारी बातमी येणार.

यावर उपाय साधा आहे. आपल्या क्षेत्राच्या दराशेजारी राज्याचा दर ठेवायचा आणि दोन्हींतलं अंतर बघायचं. दोन्ही बरोबरीने हलले असतील तर स्थानिक गोष्ट शोधत बसू नका. अंतरच तीन-चार महिने वाढत चाललं असेल तर मात्र खोदा.

कोरडवाहू

अंतर बघताना हंगामाचा घोळ होतो. राज्याचा ठळक आकडा हंगाम काढून, म्हणजे दर वर्षी ठरलेली वाढ-घट वजा करून, दिलेला असतो, मेट्रो क्षेत्रांच्या मासिक पत्रकातला आकडा हंगामासकट. एकाशेजारी दुसरा ठेवला की तुलना गेली. दोन्ही हंगामासकट घ्या किंवा दोन्ही हंगाम काढून.

आणि हंगाम सगळीकडे सारखा नसतो. थंडीत बांधकाम थांबतं म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत दर वाढतो, हे उत्तरेकडचं. ॲरिझोनातलं युमा घ्या, उलटं आहे. तिथे हिवाळ्यात लेट्यूस आणि पालेभाज्यांची काढणी असते, त्यामुळे थंडीत दर खाली आणि ऐन उन्हाळ्यात वर. शेजारच्या कॅलिफोर्नियातलं एल सेंट्रोही त्याच माळेतलं. ही दोन्ही क्षेत्रं देशातल्या सर्वाधिक दराच्या यादीत नेहमी वरती असतात. युमाचा जानेवारी ते जुलै आलेख पाहून 'मंदी आली' म्हणणारे दर वर्षी सापडतात.

युमात आणखी एक गंमत. आस्थापनांच्या पाहणीत, म्हणजे सीईएसमध्ये, शेतावरचे मजूर धरतच नाहीत. ती पाहणी शेतीबाह्य नोकऱ्यांची आहे. त्यामुळे बेरोजगारी हजारोंनी हलते आणि नोकऱ्यांचा आकडा जागचा ढिम्म. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

उंबरठा

विद्यापीठाच्या गावांचंही लिहा कोणीतरी. आयोवातल्या एम्सचा दर कायम तळाला असतो.

शिरगणती

एम्समध्ये विद्यापीठ हाच मोठा मालक, आणि विद्यापीठ मंदीत सहसा एकदम माणसं काढत नाही. शिवाय जे विद्यार्थी काम करत नाहीत आणि शोधतही नाहीत ते श्रमबलातच नाहीत. ना अंशात, ना छेदात. जे आठवड्यातून दहा तास ग्रंथालयात बसतात ते पूर्ण 'कामावर'. व्याख्येप्रमाणे त्या आठवड्यात मोबदल्यावर एक तास काम केलं तरी माणूस कामावर धरला जातो.

शाळांचा जुलै हा वेगळा सापळा. उन्हाळी सुटीत सीईएसमधल्या स्थानिक शिक्षण क्षेत्रातल्या नोकऱ्या धाडकन पडतात. पण पुढच्या सत्रात परत बोलावण्याची वाजवी हमी असेल तर शाळेच्या कर्मचाऱ्यांना सुटीत भत्ता मिळत नाही, असा केंद्राचाच नियम आहे. म्हणून दावे त्या प्रमाणात वाढत नाहीत. जुलैत नोकऱ्या घटल्या आणि दावे शांत, हे दिसलं की आधी शाळा वजा करून बघा.

पाटीपेन्सिल

नोकऱ्यांचा आकडा आणि कामावरच्या माणसांचा आकडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? मी एकच समजत होतो. जरा फोड करून सांगा.

आकडेमोड

वेगळ्या, आणि छोट्या क्षेत्रात फारच वेगळ्या. सीईएस नोकऱ्या मोजते, त्या कामाच्या ठिकाणी. एलएयूएस माणसं मोजतं, ती राहत्या घरी. एकाच्या दोन नोकऱ्या असतील तर सीईएसमध्ये दोन, एलएयूएसमध्ये एक. स्वयंरोजगारी सीईएसमध्ये नाहीत, एलएयूएसमध्ये आहेत.

विस्कॉन्सिनमधलं जेन्सव्हिल हे यासाठी चांगलं उदाहरण. २३ डिसेंबर २००८ ला तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून शेवटची एसयूव्ही बाहेर पडली. गाडीच्या सीटा पुरवणारा लिअरचा कारखानाही त्याबरोबर बंद झाला. काही कामगारांनी कंपनीच्याच इतर कारखान्यांत बदली घेतली, बरेच जण इंडियानातल्या फोर्ट वेनला. घर जेन्सव्हिललाच ठेवलं, आठवडाभर तिकडे राहायचं, सुटीला चार-साडेचार तास गाडी हाकत घरी यायचं. अशा माणसाची नोकरी सीईएसमध्ये फोर्ट वेनच्या खात्यावर. एलएयूएसमध्ये मात्र तो जेन्सव्हिलचा 'कामावर असलेला' रहिवासी. म्हणजे गावातली नोकरी गेली तरी गावच्या दरात तो बेरोजगार नाही. भाडं, डबा, दुकानातली खरेदी यांतला मोठा भाग तिकडे गेला, तो या दरात दिसणारच नाही.

म्हणून नोकऱ्या घटल्या आणि दर स्थिर राहिला, तर पहिला प्रश्न: लोक बाहेर कामाला जायला लागले का? दुसरा प्रश्न: श्रमबलच आटलं का?

दशांशचिन्ह

दुसऱ्या प्रश्नाचं गणित मांडतो. तेच ६०,००० आणि ३,०००. वर्षभरात ६०० बेरोजगार गाव सोडून गेले किंवा शोध थांबवून बसले, आणि कामावरचे ४०० निवृत्त झाले. श्रमबल ५९,०००, बेरोजगार २,४००, दर ४.१. दर जवळपास एका टक्क्याने सुधारला आणि कामावरची माणसं ५७,००० वरून ५६,६०० वर आली. महापौरांच्या भाषणात ४.१ येतो, ५६,६०० येत नाही.

दर एकटा कधीच वाचू नये. श्रमबल, कामावरचे, बेरोजगार आणि दर असे चारही रकाने त्याच तक्त्यात असतात. डाउनलोड करताना लोक चौथाच उचलतात.

उंबरठा

दावेच बघितले तर? ते आठवड्याच्या आठवड्याला येतात, ताजे असतात.

शिरगणती

ताजे असतात, पण दोन ठिकाणी दगा देतात.

एक, भत्त्याची मुदत. बहुतेक राज्यांत कमाल २६ आठवडे, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायनासारख्या ठिकाणी १२ पर्यंत खाली. मार्चमध्ये कारखाना बंद झाला तर २६ आठवड्यांच्या राज्यात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला चालू दावे आपोआप उतरतात. काम मिळाल्यामुळे उतरले की मुदत संपल्यामुळे, ते आकड्यावर लिहिलेलं नसतं. मोठ्या कपातीची तारीख माहीत असेल तर तिथून आठवडे मोजा. उतार बरोबर मुदतीवरच आला असेल तर खूश होऊ नका.

दोन, पात्रता. पुरेशी आधीची कमाई नसलेले, स्वतःहून नोकरी सोडलेले, स्वयंरोजगारी यांपैकी बहुतेक दाव्यांत येत नाहीत. बेरोजगारांपैकी भत्ता घेणारे निम्म्याहून कमी असणं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे दाव्यांची दिशा वापरा, पातळी नको. नवे दावे आणि चालू दावे वेगळे ठेवा: नवे वाढले म्हणजे माणसं निघतायत, चालू वाढले म्हणजे निघालेल्यांना काम मिळत नाहीये.

कोरडवाहू

आणि कपातीची आगाऊ चाहूल हवी असेल तर वॉर्न नोटिसा. १९८८ चा कायदा, १९८९ पासून लागू. १०० किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने कारखाना बंद करताना किंवा मोठी कपात करताना ६० दिवस आधी सूचना द्यायची. एका ठिकाणचा कारखाना बंद होऊन ५० किंवा जास्त जणांची नोकरी जाणार असेल तर लागू. काही राज्यांचे नियम जास्त कडक आहेत, न्यूयॉर्कमध्ये ५० कामगारांपासून आणि ९० दिवस आधी. बहुतेक राज्यांची श्रम खाती याद्या संकेतस्थळावर टाकतात.

नोटिशीतला आकडा सरळ दरात घालू नका, इथे हमखास चूक होते. ९०० ची नोटीस आली म्हणून ९००/६०,००० म्हणजे दीड टक्का, असं होत नाही. आधी तारीख बघा, कपात टप्प्याटप्प्याने असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा. मग त्या जागेवर काम करणारे क्षेत्रातच राहतात का? ७० टक्के राहत असतील तर ६३०, म्हणजे जास्तीत जास्त १.०५. त्यातून निवृत्त होणारे, बदलीवर जाणारे, लगेच दुसरीकडे लागणारे वजा. उलट बाजूला पुरवठादार अधिक करा, पण १०० च्या आतले छोटे पुरवठादार सहसा नोटीस देतच नाहीत, त्यामुळे तो भाग कागदावर बहुतेक दिसत नाही. जेन्सव्हिलसारख्या ठिकाणी मूळ कारखान्याइतकंच लक्ष त्याच्यावर ठेवावं लागतं.

पाटीपेन्सिल

२०२० च्या एप्रिलमध्ये इंडियानातल्या कोकोमोचा दर ३० च्या वर गेला होता. एवढ्या लोकांच्या नोकऱ्या खरंच गेल्या होत्या?

आकडेमोड

गेल्या नव्हत्या, थांबल्या होत्या. कोकोमो म्हणजे गाड्यांच्या ट्रान्समिशनचे मोठे कारखाने. सगळे एकदम बंद. तात्पुरत्या कपातीवर असलेला आणि परत बोलावण्याची अपेक्षा असलेला माणूस काम शोधत नसला तरी व्याख्येने बेरोजगार धरतात. बाकीच्यांना मागच्या चार आठवड्यांत शोध घेतल्याशिवाय त्यात जागा नाही. म्हणून दर आभाळाला भिडला आणि कारखाने उघडताच कोसळला. त्याच राज्यातलं एल्कहार्ट, प्रवासी मोटारघरं बनवणारं क्षेत्र, तसंच गेलं आणि तसंच परतलं.

एल्कहार्टचं २००९ मात्र निराळं होतं. दर १८ च्या वर, आणि तिथून खाली यायला वर्षं लागली, कारण तेव्हा मागणीच आटली होती. दोन्ही शिखरं एकाच आलेखावर सारखी सुळक्यासारखी दिसतात. फरक ओळखायचा तर श्रमबलाचा रकाना बघा आणि शिखर कितव्या महिन्यात निम्मं झालं ते बघा.

एकाच उद्योगावर उभ्या क्षेत्राचा सरासरी दर काढण्यात तसाही अर्थ नाही. चांगल्या वर्षांत ते राज्यापेक्षा खाली असतं, वाईट वर्षांत दुपटीने वर.

उंबरठा

उद्योगवार तपशील कुठे मिळतो मग? सीईएसच्या तक्त्यात छोट्या क्षेत्रासाठी 'कारखानदारी' असा एकच रकाना दिसतो, कधी तोही नाही.

शिरगणती

क्यूसीईडब्ल्यू बघा. तो नमुना नाही. मालकांनी बेकारी विम्याच्या करासाठी भरलेल्या तिमाही विवरणांतून येतो आणि ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या त्यात असतात. तोटा म्हणजे उशीर, तिमाही संपल्यावर पाचेक महिने. आणि एका उद्योगात एकच मोठा मालक असेल तर गोपनीयतेसाठी तो रकाना झाकतात. छोट्या क्षेत्रात नेमका तुम्हाला हवा तोच उद्योग झाकलेला असतो, हे ठरलेलं! तेव्हा एक पायरी वरचा उद्योगगट घ्या आणि त्यातून उघडे उपगट वजा करा. उरतं त्यात आपला मालक असतोच, फक्त आणखी कोण कोण मिसळलंय ते तपासा.

दशांशचिन्ह

फेरआढाव्याबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून भर. महिन्याचा पहिला आकडा प्राथमिक असतो, पुढच्या महिन्यात बदलतो. शिवाय वर्षाच्या सुरुवातीला मागच्या काही वर्षांची पूर्ण मालिका नव्याने काढतात. छोट्या क्षेत्रात अर्ध्या टक्क्याचा बदल यात सहज होतो. गेल्या वर्षी उतरवलेल्या फाईलला नवे महिने चिकटवले की जानेवारीत एक पायरी दिसते. ती अर्थव्यवस्थेची नव्हे, फाईलची असते. दर वसंतात पूर्ण मालिका नव्याने उतरवा, जुनी फेकून द्या.

सीमाही बदलतात. जुलै २०२३ मध्ये जनगणनेनुसार नव्या मेट्रो सीमा जाहीर झाल्या. एखादी काउंटी आत आली की श्रमबल एका रात्रीत वाढतं. लांबच्या काळाची तुलना करायची तर मेट्रोचं नाव सोडा, काउंट्यांची यादी पक्की करा आणि त्यांचे बेरोजगार आणि श्रमबल स्वतः बेरजेला घ्या. दरांची सरासरी काढू नका, माणसांची बेरीज करून मग भागा.

कोरडवाहू

सहमत. आणि महिन्यावर महिना नकोच. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना, किंवा बारा महिन्यांची सरकती सरासरी. हंगाम काढलेली मेट्रो मालिका बीएलएस देतं, पण ती गुळगुळीत केलेली असते, त्यामुळे वळणबिंदू तिच्यात बोथट होतो. वळण शोधायचं तर नवे दावे, कल शोधायचा तर सरासरी.

उंबरठा

शोध सोडलेले आणि नाइलाजाने अर्धवेळ काम करणारे धरून जो मोठा दर काढतात, तो मेट्रोसाठी मिळतो का?

दशांशचिन्ह

छोट्यांसाठी नाही. तो मुख्यतः राज्यांसाठीच, तोही चार तिमाहींच्या सरासरीत. कारण मूळ धाग्यातलंच, २० माणसांत नाइलाजाचे अर्धवेळ किती सापडणार? पर्याय म्हणून एसीएस बघा: ६५,००० च्या वर वस्ती असेल तर वार्षिक आकडे, नसेल तर पाच वर्षांचे एकत्र. त्यात कामाचे तास, वयोगट आणि श्रमबलातला सहभाग मिळतो. २५ ते ५४ वयोगटातले कामावर असलेले किती टक्के, एवढा एक आकडा काढलात तरी पुष्कळ. निवृत्त आणि विद्यार्थी दोघेही त्यातून बरेचसे बाहेर पडतात. एसीएसचा बेरोजगारी दर मात्र एलएयूएसच्या दराशेजारी ठेवू नका, प्रश्नावली आणि कालावधी दोन्ही वेगळे. आणि त्रुटीची मर्यादा बाजूच्याच रकान्यात दिलेली असते, ती झाकून आकडा उद्धृत करणारे फार.

पाटीपेन्सिल

अवांतर: आपल्याकडच्या शहरांना ही हँडबुक पद्धत लावता येईल का?

शिरगणती

नाही. तिचा पाया बेकारी विम्याचे दावे आहेत आणि तसा सर्वांना लागू असलेला विमा भारतात नाही. पीएलएफएस ही सरकारची श्रमबलाची नमुना पाहणी २०१७ पासून आहे आणि २०२५ पासून मासिक पत्रकही येतं, पण महिन्याच्या आकड्यावरून एका शहराबद्दल बोलता येत नाही. भविष्य निर्वाह निधीची मासिक नोंद फक्त संघटित क्षेत्राची. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

आकडेमोड

धाग्यात एक भर: मेट्रोच्या आतल्या शहराचा दर कोणी देत असेल तर आणखी जपून. २५,००० च्या वर वस्तीच्या शहरांचे आकडे येतात, पण ते काउंटीचा आकडा वाटून काढलेले असतात: बेरोजगार मुख्यतः दाव्यांच्या प्रमाणात, कामावरचे लोकसंख्येच्या आधारावर. काउंटी हलली की शहर हलतं. एकाच काउंटीतल्या दोन शहरांच्या दरांतला ०.३ चा फरक घेऊन कोणी लेख लिहिला असेल तर त्याला आधी दाव्यांची संख्या विचारा.